थ्री-नॉट-थ्रीचा छंद: आधी कागद, मग लोखंड

फौजी रायफल म्हटलं की आमच्या गावाकडे एकच नाव निघतं, थ्री-नॉट-थ्री. मतदानाच्या आदल्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्कामाला आलेल्या बंदोबस्ताच्या खांद्यावर ती पाहिली नाही, असा माझ्या वयाचा माणूस सापडायचा नाही. अमेरिकेत फौजेने काढून टाकलेल्या अशा रायफली लोक दुकानातून घेतात आणि भिंतीवर ओळीने लावतात. मोबाइलवर ते पाहून शेजारची पोरं मला विचारतात, "सर, हे आपल्याकडं कुठी भेटन?"

नाही भेटत. .३०३ बोअर, म्हणजे नळीचं हे माप, आपल्याकडे निषिद्ध आहे, आणि निषिद्ध शस्त्र विनापरवाना सापडलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षं. निषिद्ध नसलेली साधी बंदूक विनापरवाना सापडली, तरी २ ते ५ वर्षं. त्यामुळे 'एक जुनी पडली आहे, घेऊन जा' असं कुणी कानात सांगितलं तर चहाही न पिता उठावं.

मग छंद करायचा कशाचा? शाळेत एनसीसी सांभाळत होतो तेव्हापासून मी यात आहे, आणि माझ्या घरात गोळी झाडू शकेल अशी एकही रायफल नाही. तरी दोन कपाटं भरली आहेत.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

तीन वाटा आहेत. पहिली वारशाची. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर परवाना होता, बंदूक घरात आहे, ती रीतसर आपल्या नावावर करून घ्यायची. दुसरी वाट निकामी वस्तूंची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुन्या, कालबाह्य पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द नीट वाचा. नुसता घोडा तुटलेला किंवा चाप अडकलेला असणं पुरत नाही. लोहाराने दोन दिवसांत चालू करून दिली तर ती बंदूकच. २०२० च्या नियमबदलाने 'क्युरिओ', म्हणजे जुनी दुर्मिळ वस्तू, या प्रकारातली छोटी शस्त्रं बाळगायला परवाना लागत नाही, पण वापरायला किंवा सोबत घेऊन फिरायला लागतो. आपली वस्तू यांपैकी कशात बसते हे आपण ठरवायचं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं टेबल असतं, तिथे अर्ज देऊन लेखी घ्यायचं. नागपूर आणि अमरावती शहरात हे काम पोलिस आयुक्तांकडे असतं.

तिसरी वाट माझी, आणि नवख्याला मी हीच सांगतो: रायफलीच्या भोवतीचा संसार. खांद्याचा पट्टा, पितळी तेलाची कुपी, नळी पुसायची पुल-थ्रूची दोरी, जुनी ड्रिलची पुस्तकं, पलटणीतले फोटो, पेन्शनचे कागद. रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण असतं. त्याच्या आतल्या खोबणीत कुपी आणि दोरी बसते, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. संगीनही जमवता येते, पण ती धारदार शस्त्रात मोडते आणि काही अधिसूचित भागांत तिलाही परवाना लागतो, तेव्हा पोलिस ठाण्यात विचारूनच. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचं पातं १७ इंच असतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात बनलेली पाती आखूड, १२ इंचांची. दोन्ही शेजारी ठेवली की मुलांना युद्ध कसं बदललं ते न सांगता कळतं.

बोल्ट, नळी, मॅगझिन असे सुटे भाग मात्र घेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच. जिवंत काडतूस तर एकही नको, आठवण म्हणूनही नको.

२. शोधायचं कुठे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारांचे, म्हणजे जुन्या सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, वाडे आहेत. मालगुजारी १९५१ साली गेली, शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबली, आणि बंदुका माळ्यावर गेल्या. वऱ्हाडात देशमुखांच्या वाड्यांत तेच. कामठीची छावणी १८२१ ची, त्यामुळे त्या बाजूच्या खेड्यांत फौजी पेन्शनरांच्या पेट्या निघतात. पेटीत हत्यार नसतं, पण पट्टा, बिल्ले, फोटो, पत्रं असतात, आणि म्हातारीला विचारलं तर गोष्टही असते. ती तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या. आज्जी पुढच्या पोळ्याला असतील की नाही, कोण सांगावं.

पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडाऱ्याजवळचा जवाहरनगरचा आणि भद्रावतीचा कारखाना यांच्या आसपास भंगारात काहीही येतं असं लोक सांगतात. तिकडे फिरकू नका. चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या, मैदानातून काही उचलणंही नको. तो सरकारी माल आहे, आणि न फुटलेला असू शकतो.

घेताना साध्या कागदावर का होईना, देणाऱ्याचं नाव, तारीख, वस्तूचं वर्णन आणि सही घ्या. देणारा सहीला कां-कूं करत असेल तर वस्तूही सोडा.

३. हात लावण्याआधी: भरलेली आहे का?

ही पायरी कधीही चुकवू नका, म्हणून लांबण लावतो.

ठासणीची बंदूक, जिला गडचिरोलीकडे भरमार म्हणतात, तोंडाकडून भरतात: आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे किंवा गोळी, आणि गजाने ठासायचं. रानडुकरासाठी म्हणून शेतकरी ती भरून ठेवायचा, डुक्कर यायचं नाही आणि बंदूक तशीच भिंतीला टांगलेली राहायची. तो वारला, मुलाने माळ्यावर टाकली. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. शंभर वर्षांची गंजकी नळी म्हणून कुणी तोंड लावून फुंकर मारतं, कुणी चुलीजवळ ठेवतं. दोन्ही जिवावरचं काम.

ओळखायचा जुना उपाय असा. गज किंवा सरळ लाकडी काठी तोंडातून हळूच आत सोडा आणि तोंडाशी खूण करा. नळीच्या तोंडासमोर स्वतः येऊ नका, नळी मोकळ्या जागेकडे, माणसं मागे. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरली की दुसरं टोक, दारू पेटवणारी टोपी बसते त्या छिद्राच्या जवळपास यायला हवं. दोन-चार बोटं आधीच थांबलं, तर आत काहीतरी आहे. मग पुढे काही करू नका. काढायचा प्रयत्न नको, पाणी ओतून 'मारणं' नको, टोपीच्या ठिकाणी ठोकणं तर मुळीच नको. ठाण्यात कळवा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याच्या हाती द्या.

४. खुणा वाचायला शिका

ली-एनफिल्डची, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीची, उजवी बाजू पाहा. दस्ता जिथे लोखंडात बसतो त्या कड्यावर मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, वर्ष आणि नमुना कोरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक रायफली बंगालमधल्या इशापूरच्या. स्वातंत्र्यानंतर तिथल्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ आला. नमुन्याच्या रोमन तीन (III) आकड्यापुढे तारा असेल तर ती १९१६ नंतरची साधी केलेली आवृत्ती: पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं होतं म्हणून मॅगझिन बंद करणारी पट्टी आणि डाव्या बाजूचं लांब पल्ल्याचं निशाण काढून टाकलं. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि पटकन चालणारा बोल्ट मात्र तोच राहिला.

बोल्टवरचा, नळीवरचा आणि लाकडाच्या टोकाखालचा क्रमांक एकच असेल तर रायफल एका अंगाची. वेगवेगळे असतील तर जोडकाम. दस्त्यापुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर तिने बॉम्ब फेकायचं काम केलेलं असणार, तार लाकूड फुटू नये म्हणून. आणि नळी आतून गुळगुळीत, .४१० ची असेल तर ती इशापूरला मुद्दाम बदलून पहारेकऱ्यांना दिलेली. हे सगळं मी संग्रहालयात आणि शस्त्रागारात परवानगीने पाहून शिकलो. हातात रायफल असायलाच हवी असं नाही.

त्याआधीच्या पिढ्याही ओळखता याव्यात. १८६६ ची स्नायडर, १८७१ ची खालच्या खिटीने उघडणारी मार्टिनी-हेन्री. कंपनी सरकारच्या जुन्या चकमकीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकारातलं चिन्ह, नंतरच्यांवर उभा सिंह. अशा खुणांची नक्कल फार होते. पितळी फुलं ठोकलेल्या, चकचकीत 'शिवकालीन' बंदुका हॉटेलात टांगायला बनवतात. अक्षरं उलटसुलट असली, किंवा वर्ष आणि राजा जुळत नसला, तर हसून परत द्यावी.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचं दालन आहे. दोन-तीन चकरा तिथे मारा, वही घेऊन.

५. जपणूक, उन्हाळा आणि पावसाळा

आमचा मे म्हणजे ४५ अंश. लाकूड चिरतं. आणि जुलैत लोखंड नुसतं पाहिलं तरी गंजतं. लाकडाला कच्चं जवसाचं तेल. इंग्रज फौजेतही दस्त्याला तेच लावायचे, आणि जवस तर आपल्याच रानातलं. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा. थापू नका, चिकट होतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

लोखंडाला हलकं मशीन तेल. सॅंडपेपर कधीच नाही. मी पहिल्या संगिनीवर उत्साहाने घासला, पातं आरशासारखं झालं आणि खुणेचा मुकुट गेला. त्या संगिनीचं वर्ष आता कुणालाच सांगता येणार नाही. पितळेला चिंच-लिंबू लावायची सवय आहे आपल्याला, पण तीही इथे नको. चामड्याच्या म्यानात काही ठेवू नका, ओल धरते. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून वीतभर दूर.

६. वारशाची बंदूक असेल तर

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेल्यावर बंदूक तशीच घरात राहणं हा गुन्हा होतो, आणि गावात हे सर्रास घडतं. आधी ती ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पावती घ्या. मग मृत्यू दाखला, जुना परवाना आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र जोडून अर्ज. पोलिस चौकशी होते, बंदूक सुरक्षित ठेवायची सोय विचारतात. एका माणसाकडे आता दोनच बंदुका राहू शकतात, वारशाची धरून. पूर्वी तीन चालायच्या.

ठाण्यात चकरा होतील. माझ्या ओळखीतल्या एकाला चार वेळा 'साहेब मीटिंगला गेले' ऐकावं लागलं. दरवेळी पोच घेतली म्हणून तो टिकला.

७. नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, एक पान. कुठून आली, कुणी दिली, तारीख, माप, खुणांचा फोटो, आणि सोबत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांत. पानाला कागदपत्रांची प्रत चिकटवा. मूळ कागद वेगळ्या पेटीत. वहीच्या शेवटी घरच्यांसाठी एक पान ठेवलं आहे मी: मी गेल्यावर काय कुठे जमा करायचं, कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा, आणि कोणती वस्तू कोणत्या घराला परत द्यायची. खालची सही यंदा दुसऱ्यांदा बदलली, कारण पहिल्या वेळी ज्या आज्जींना पट्टा परत द्यायचा होता, त्या आता राहिल्या नाहीत.