पोळा आणि होळी: दात साफ करून घ्यायची तारीख

दात दुखला की मगच दवाखाना आठवतो, आणि तोवर हिरड्यांखाली किटण घट्ट बसलेलं असतं. ते ब्रशनं निघत नाही, डॉक्टरकडेच काढावं लागतं. तारीख लक्षात राहत नाही म्हणून आमच्या घरी ती सणाला बांधली आहे.

१. पोळा झाला की एकदा, होळी झाली की एकदा. मध्ये साधारण सहा महिने जातात. दात-हिरड्या चांगल्या असतील तर डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदाही चालतं.

२. खर्रा, तंबाखू, मशेरी किंवा शुगर असेल, ब्रश करताना रक्त येत असेल, तर सहा महिने थांबू नका. अशांना बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांनी बोलावतात. खर्रा खाणाऱ्यानं गाल आणि जीभही तपासून घ्यावी. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर हे नक्की सांगा.

३. खर्चाची अडचण असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. वेळ लागतो, सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा.

साफ केल्यावर काही दिवस थंड पाणी झोंबतं, दातांत फटी जाणवतात. दात ढिले झाले असं समजून पुढचं जाणं बंद करू नका; तिथलं किटण निघालेलं असतं.

सावधगिरी: रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधीच सांगा. गोळी मनानं बंद करू नका.