विमानांचे फोटो काढायला शिकताय? मग आधी वारा आणि ऊन बघा

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, लेन्स कोणती घेऊ. तो आधी निकालात काढू. ७०-३०० मिलीमीटरची साधी झूम सुरुवातीला पुरते, क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती तशीही ४५० च्या आसपास जाते, १००-४०० किंवा १५०-६०० चं नंतर बघता येईल. खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो, आपण उभे कुठे आहोत हे बघितलेलंच नसतं आणि मग लेन्स कितीही महाग असली तरी हाती लागतो उन्हाविरुद्धचा काळा ठिपका नाहीतर नुसतं विमानाचं पोट.

विमान उतरताना आणि उडताना शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर जातं. रनवेच्या टोकाला जो आकडा रंगवलेला असतो तो म्हणजे कंपासची दिशा, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड, आणि त्याच पट्टीचं दुसरं टोक ०९, पूर्वेकडे तोंड. आता विमानतळाचा हवामान रिपोर्ट म्हणजे मेटार उघडा, त्यात २७०१२केटी असं काहीतरी दिसेल, याचा अर्थ वारा पश्चिमेकडून १२ नॉटने येतोय. म्हणजे विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर उतरणार आणि उडणारी पश्चिमेच्या टोकाकडे वर जाणार, त्यामुळे लँडिंग हवं असेल तर पूर्वेला जा, टेकऑफ हवा असेल तर पश्चिमेला. वारा अगदी मंद असेल तर कंट्रोलवाले दुसरी बाजूही वापरतात, म्हणून सोबत विमानं नकाशावर थेट दाखवणारं फ्लाइटरडार२४ सारखं अ‍ॅप चालू ठेवायचं आणि आधीची दोन-तीन विमानं कुठून आली ते बघायचं. मग ऊन. सूर्य आपल्या पाठीशी हवा, बस. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम रनवे असेल तर वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेची बाजू बरी पडते, उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला.

अजून एक हिशोब उपयोगी पडतो. प्रवासी विमानं साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतात, म्हणजे चाकं जिथे टेकणार तिथून १ किलोमीटर अलीकडे ती जमिनीपासून जेमतेम ५० मीटरवर असतात आणि ३ किलोमीटर अलीकडे १५० च्या वर. यावरून घरी बसूनच कळतं की एखाद्या जागेवरून विमानाची बाजू दिसेल की पोट.

शटर स्पीड, म्हणजे फोटो घेताना शटर किती वेळ उघडं राहतं, त्याबद्दल सगळे सांगतात की फास्ट ठेव. जेटसाठी बरोबर आहे, उतरणारं विमान ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतं म्हणजे सेकंदाला ७० मीटर, १/१००० सेकंदातसुद्धा ते ७ सेंटीमीटर पुढे सरकतं. पण पंख्याच्या विमानाला हीच सेटिंग लावली की पंखा गोठतो आणि विमान बंद पडून हवेत लटकल्यासारखं दिसतं, मला तरी असा फोटो बघवत नाही. लहान विमानाचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेऱ्या मारत असेल तर १/१००० मध्ये तो फक्त १४ अंश फिरतो, १/१२५ ला मात्र ११५ अंश, तेव्हा कुठे चकतीचा बराचसा भाग भरलेला दिसतो. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा याहून कितीतरी हळू फिरतो, तिथे १/१०० किंवा खालीच जावं लागतं. इतक्या कमी स्पीडला कॅमेरा विमानाबरोबर वळवत न्यायचा, कमरेतून वळायचं, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. बहुतेक फ्रेम वाया जातात, प्रत्येकाच्याच जातात. सुरुवात १/३२० पासून करा आणि हात बसला की उतरत जा.

फोकस कंटिन्युअसवर ठेवा, एएफ-सी किंवा सर्वो जे काही तुमच्या कॅमेऱ्यात म्हणत असतील ते, आणि पॉइंट कोऱ्या पांढऱ्या पत्र्यावर न ठेवता कॉकपिटच्या काचांवर किंवा कंपनीच्या नावाच्या अक्षरांवर, कॅमेऱ्याला धरायला काहीतरी कडा लागते. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, मी मॅन्युअलच ठेवतो, कारण विमानावरचं ऊन तेच असतं पण मागे आधी आभाळ, मग झाडं, मग जमीन येते आणि ऑटो मीटर दर वेळी गडबडतो.

आता फोटो शार्प का नाही आला, यावर नवीन लोक फार डोकं खपवतात आणि थेट लेन्सला शिव्या देतात. खिडक्यांची रांग १०० टक्के झूम करून बघा. खिडक्या सगळ्या एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसल्या तर तुमचं वळणं कमी-जास्त झालंय. मागची झाडं कडक आणि विमान मऊ, तर फोकस मागे गेलाय किंवा तुम्ही वळलाच नाहीत. पण रांगच वाकडीतिकडी, एक खिडकी ठीक, शेजारची वितळलेली, नावाची अक्षरं लाटेवर तरंगतायत, तर तो तापलेल्या जमिनीवरच्या हवेचा खेळ आहे आणि त्यावर कुठलीही लेन्स, कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. उपाय एकच, जवळ जा किंवा सकाळी लवकर या. भर दुपारी तापलेल्या रनवेपलीकडचं विमान ६०० मिलीमीटरने काढणं म्हणजे नुसतं मेमरी कार्ड भरणं. त्या वेळी डोक्यावरून जाणारी, आभाळातली विमानं घ्या.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. काही देशांत कुंपणाबाहेरून फोटो काढायला कोणी विचारत नाही, काही ठिकाणी लष्करी विमानाकडे कॅमेरा वळवला तरी चौकशी होते. २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे ब्रिटिश आणि डच स्पॉटर्सना, म्हणजे विमानं बघून टिपण्याचा छंद असणाऱ्यांना, हेरगिरीच्या संशयावरून पकडलं होतं, २००२ मध्ये शिक्षाही झाली आणि मग त्याच वर्षी अपिलात सुटले. तेव्हा त्या देशाचा नियम आधी वाचा, बोर्ड असेल तर पाळा, हटकलं तर वाद न घालता फोटो दाखवा आणि निघा. रनवेच्या टोकाला जेटच्या मागे उभं राहायचं नाही, कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर २०१७ मध्ये असंच कुंपणाजवळ थांबलेल्या एका पर्यटक बाईंचा जेटच्या झोताने जीव गेलाय.

घरी आल्यावर क्रॉप, सरळ करणं आणि धूळ, एवढंच. निळ्या आभाळावर सेन्सरची धूळ लगेच उठून दिसते, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ च्या पुढे बारीक केलं तर जास्तच, म्हणून एफ/८ च्या आसपास राहिलेलं बरं. आणि शेपटीजवळचा रजिस्ट्रेशन नंबर, व्हीटी असेल तर भारत, जी म्हणजे ब्रिटन, एन म्हणजे अमेरिका, तो त्याच रात्री फाइलच्या नावात टाका, कारण पुढच्या महिन्यात एका कंपनीची सगळी एअरबस ए३२० विमानं सारखीच दिसायला लागतात.