लाखेच्या तबकड्यांचा गॉस्पेल अल्बम संग्रहात घेताना

१९३०-४०च्या दशकांतला अमेरिकन गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांचा) अल्बम म्हणजे खरोखरच फोटोंच्या अल्बमसारखं जाड पुठ्ठ्याचं बाड. आत कागदी खिसे, प्रत्येक खिशात ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) एक तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात, म्हणून आठ भक्तिगीतांना चार तबकड्या. बाड किलोभर भरतं. ते पुठ्ठ्याच्या पाठीला धरून उचलू नका, खाली तळहात द्या. जुने खिसे तळाशी फाटलेले असतात, आणि लाखेची तबकडी पडली की फुटतेच.

काहीही बाहेर काढण्याआधी प्रत्येक खिशाचा फोटो घ्या. कुठल्या खिशात कुठली तबकडी, कुठली बाजू वर, हे दिसलं पाहिजे. हाताने लावायच्या संचात पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि २ असतात. एकावर एक तबकडी टाकणाऱ्या चेंजरसाठी काढलेल्या संचात मात्र १च्या पाठीवर ८, २च्या पाठीवर ७ असतात. हे ठाऊक नसलेला कुणीतरी त्या ‘नीट’ लावतो आणि मूळ क्रम कायमचा जातो.

नोंद करताना लेबलवरचा क्रमांक पुरेसा नाही. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर तिरका उजेड टाका, तिथे मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक) सापडतो. तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ‘डिस्कॉग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज’ या खुल्या सूचीत शोधा. ध्वनिमुद्रणाची तारीख बऱ्याचदा मिळते. गीताचं नाव, पहिली ओळ आणि चाल यांना वेगळे रकाने ठेवा. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द छापले गेले १७७९ मध्ये, ‘न्यू ब्रिटन’ ही चाल त्यांना जोडली गेली १८३५ मध्ये.

सफाईला अल्कोहोल अजिबात नको. सुतार स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून पॉलिश करतो, तीच गत तबकडीची होईल. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली नॉन-आयॉनिक डिटर्जंट घ्या, मऊ ब्रश रेघांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने डिटर्जंट पूर्ण काढा आणि लगेच टिपून घ्या. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थरांच्या तबकड्यांत पृष्ठभागाखाली कागद असतो. कडा उडाली असेल किंवा तडा असेल तर पाणी आत शिरून थर सुटतात. तिथे फक्त कोरडा ब्रश.

घासूनही खरखर गेली नाही तर थांबा. १९४२ मध्ये अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले (ती मुख्यतः भारतातून जायची) आणि जुन्या तबकड्या दळून नव्या निघू लागल्या. ती खरखर मालातच आहे.

वाजवायची ती डिजिटल प्रत करण्यापुरती, आणि ७५ मायक्रॉनच्या आसपासच्या सुईने. एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची) सुई त्याच्या एक तृतीयांशाहूनही बारीक. ती रुंद रेघेच्या तळाशी घासत जाते.

तबकड्या आम्लमुक्त पाकिटांत, उभ्या, १८ ते २० अंश सेल्सिअस आणि ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. कलत्या ठेवल्या की हळूहळू वाकतात. रिकामं बाड आडवं, खिशांत आम्लमुक्त पुठ्ठे घालून. दोन्हींना एकच संग्रह क्रमांक द्या, तोही पाकिटावर आणि बाडाच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीने, लेबलवर कधीच नाही.

प्रत इंटरनेटवर टाकायची असेल तर प्रकाशनवर्ष पाहा. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यानुसार १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं कॉपीराइटसारखं संरक्षण आहे, १९४७ ते १९५६ मधल्यांना ११०. म्हणजे १९४०चा अल्बम १ जानेवारी २०४१ला खुला होईल.