‘पुत्रालाही ठाऊक नाही’ हे वचन कसे वाचावे

मार्ककृत शुभवर्तमान 13:32 मध्ये येशू म्हणतो की शेवटचा तो दिवस आणि ती घटका कोणालाही, ‘पुत्रालाही’ म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही; ती फक्त पित्याला ठाऊक आहे. हे शब्द सौम्य करण्याची घाई करू नये. आधी लूक 2:52 शेजारी ठेवावे, कारण येशू ज्ञानाने वाढत गेला असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. मग ख्रिस्त कोण हे ठरवणाऱ्या इ.स. 451 च्या खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेची कसोटी लावावी: व्यक्ती एकच, स्वभाव दोन (दैवी आणि मानवी), त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. म्हणून ‘देवाला ठाऊक होते, माणसाला नव्हते’ अशी दोन जाणणाऱ्यांची फोड टाळावी. एकच पुत्र मानवी, म्हणजे शिकणाऱ्या मनानेही स्वतःला ओळखत होता, असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. चौथ्या शतकातील बिशप अपोलिनारिसने येशूचे ते मानवी मनच नाकारले होते. शेवटी, अटकेआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना सावकाश वाचावी; तेथेही हे मानवी मन दिसते.