गॅस गिझर: हवा कुठून येणार, जळका वायू कुठून जाणार

खानदेशातली घरं उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो म्हणून खिडक्या लहान, भिंती जाड आणि न्हाणीघराला हातभर झरोका. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, धुळ्यात पारा ६ अंशांच्या आसपास उतरला की त्या झरोक्यातही गोणपाट कोंबलं जातं. पूर्वी याने बिघडत नसे. तांब्याचा बंब परसात पेटायचा आणि त्याचा धूर मोकळ्यावर जायचा. गॅस गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून तो थेट न्हाणीघराच्या भिंतीवर येऊन बसला.

बाजारातला नेहमीचा गिझर ६ लिटरचा असतो, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा. पूर्ण आचेवर तो तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे १५ मिनिटांत या गिझरला पावणेतीन घनमीटर, अर्थात ९५ घनफूट हवा हवी. ५ फूट बाय ४ फूट, उंची ८ फूट अशा न्हाणीघरात एकूण हवाच १६० घनफूट. हवा पूर्ण संपायची वाटही पाहावी लागत नाही. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८–१९ टक्क्यांवर आला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. एलपीजीला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे ‘वास तर येत नाही’ या बोलण्याला इथे काही अर्थ नाही.

पुष्कळ घरांत ‘एक्झॉस्ट फॅन लावलाय ना’ असं उत्तर मिळतं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत येणारी हवा कुठून घेणार? हल्लीचे पीव्हीसीचे दरवाजे उंबऱ्यावर घट्ट बसतात. दार बंद, झरोका बंद, म्हणजे फॅन नुसता गरगरतो. दाराखाली एक इंच फट ठेवली आणि दार ३० इंच रुंद असलं तर ३० चौरस इंच वाट मिळते, तेव्हा कुठे फॅनला काम करता येतं. शिवाय फॅन सकाळी घाईत सुरू करायचा राहतो आणि वीज गेली की बंद पडतो. माणसाच्या आठवणीवर किंवा विजेवर अवलंबून असलेली हवा गिझरच्या हिशेबात धरूच नका.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर काढा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. परसदार असेल तर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, वर पत्र्याची पडवी आणि निदान दोन बाजू मोकळ्या, ही सर्वांत चांगली जागा. वारा थेट ज्योतीवर येऊ नये म्हणून उत्तरेकडून आडोसा द्या, पण पेटीत कोंडल्यासारखा नको. गिझर डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ५ फुटांवर टांगा, त्यामुळे रोज ज्योत दिसते. भिंतीतून अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप आत न्या. साधा पांढरा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडून सांध्यात गळतो. बाहेरची लांबी १०–१२ फुटांपेक्षा जास्त असेल तर पाइपवर फोमची नळी चढवा, नाहीतर पाणी पोहोचेपर्यंत कोमट होतं.

जळगाव-भुसावळच्या फ्लॅटमध्ये गिझर ड्राय बाल्कनीत लावतात. तेही ठीक, फक्त धूळ येते म्हणून त्या बाल्कनीला नंतर स्लायडिंग काचा बसवल्या की ती बंद खोलीच होते. काचा लावायच्याच असतील तर दोन कायमच्या जाळ्या सोडा: एक जमिनीलगत, एक छताखाली फूटभराच्या आत, दोन्ही बाहेर मोकळ्यावर उघडणाऱ्या. ९ इंच बाय ६ इंचाची जाळी घ्या. तिचं भोक ५४ चौरस इंच दिसतं, पण लूव्हरच्या पट्ट्या आणि मच्छरजाळी धरली की मोकळी वाट निम्मीच उरते. बारीक मच्छरजाळीवर कापसाचे तंतू आणि धूळ बसते, त्यामुळे महिन्यातून एकदा ब्रश फिरवावा लागतो. उघड-मिट करता येणारी जाळी घेऊ नका, थंडीत ती हमखास मिटली जाते.

खालच्या आणि वरच्या जाळीची कामं वेगळी आहेत. गरम वायू वर चढतो आणि वरच्या जाळीतून जातो, त्याच्या ओढीने खालून ताजी हवा येते. एलपीजी मात्र हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळती झाली तर तो फरशीवर पसरतो आणि मोरीच्या जाळीत उतरतो. वरची मोठी खिडकी त्या वेळी उपयोगाची नाही, खालचीच जाळी लागते. सिलिंडरही याच कारणाने खड्ड्यात, तळघरात किंवा खालून बंद असलेल्या कपाटात ठेवायचा नाही, आणि तो नेहमी उभाच.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरांत न्हाणी ओसरीच्या कोपऱ्यात असते आणि बाहेरची भिंत शेजाऱ्याची. तिथे चिमणीचा गिझर घेऊन पाइप धाब्यावरून वर काढता येतो. या कामात चुका ठरलेल्या असतात. पाइप गिझरच्या तोंडाच्या मापाचाच हवा, एक सूतही कमी नाही. तोंडापासून निदान २ फूट सरळ वर जाऊ द्या, मगच पहिलं वळण घ्या. आडवा भाग जितका कमी तितका बरा, आणि तो बाहेरच्या दिशेने थोडा चढता ठेवा. पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) किंवा स्टीलचा. जळगावात पीव्हीसीचे तुकडे घरोघरी पडलेले असतात, पण ते या आचेत वाकतात. सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद करा. वर टोपी बसवा आणि तोंड कोणाच्याही खिडकीपासून ३ फूट दूर ठेवा. धाब्याच्या लाकडी कड्यांजवळून पाइप जात असेल तर आजूबाजूला मोकळी जागा सोडून पत्र्याची बाही घाला. इमारतीच्या बंद डक्टमध्ये चिमणी सोडणं म्हणजे आपला वायू वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात पाठवणं.

चिमणी ओढते की नाही, हे अगरबत्तीने कळतं. आधी गॅसचा वास नाही याची खात्री करा. दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघरातली चिमणीही चालू करा, गिझर ५ मिनिटं चालवा. मग धुमसती अगरबत्ती गिझरच्या वरच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर फॅन घरातली हवा खेचून चिमणीतला वायू उलटा आणतोय. हवेची वाट वाढवेपर्यंत तो गिझर वापरू नका.

गॅसची नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्या. लांबी दीड मीटरपर्यंतच, बदल ५ वर्षांनी. ही नळी भिंतीतून नेत नाहीत, तिथे तांब्याचा किंवा जीआय पाइप टाकून घ्या. शेगडीच्या नळीला टी जोडून गिझरला फाटा देण्याचा प्रकार सर्रास दिसतो, तो नको. गिझर घेताना आयएस १५५५८ हे मानक, २० मिनिटांत आपोआप बंद होणारा टायमर आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर आहे का, हे विचारा. सेन्सर असला तरी गिझर बाहेरच.

मार्च ते ऑक्टोबर गिझर निजून असतो. त्या काळात बर्नरच्या हवेच्या तोंडात कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. हवा अडली की ज्योत पिवळी होते आणि वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी धरते. काजळीने वायूची वाट आणखी अरुंद होते, ज्योत आणखी पिवळी. म्हणून दिवाळीच्या आधी मेकॅनिककडून झाकण उघडून बर्नर ब्रशने, पाती हवेच्या झोताने साफ करून घ्या. चांगली ज्योत निळी, आखूड, सारख्या उंचीची. पेटताना ‘भप्’ असा आवाज येत असेल तर ठिणगी उशिरा पडतेय. आधी दोन्ही मोठे सेल बदला, तरी आवाज येत असेल तर पुन्हा मेकॅनिकला दाखवा. बोअरच्या पाण्याचे क्षार नळीत साचतात आणि धार बारीक होते. त्याने कार्बन मोनॉक्साइड होत नाही, पण पाणी उकळतं आणि नळी फुटू शकते.

गिझर बाहेर काढायला महिना लागणार असेल तर तोवर नियम एकच: बादली भरा, गिझर बंद करा, दार ५ मिनिटं उघडं ठेवा, मग अंघोळ. २० लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. शॉवर नाही. सर्वांत वाईट दिवस नरकचतुर्दशीचा. अभ्यंगस्नानाला घरातले पाच-सहा जण एकामागून एक आत जातात, वायू साचत जातो आणि त्रास शेवटच्याला होतो. आतली कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्हाणीघराबाहेर, वाफेपासून दूर, छातीच्या उंचीवर लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीपासून फूटभरावर लागतो. एक घेतला म्हणजे दुसऱ्याचं काम झालं, असं नाही.

डोकं जड होणं, मळमळ, पाय गळून जाणं ही लक्षणं पित्तासारखी वाटतात, आणि कोणी आत पडलं तर फिट आली समजून कांदा हुंगवतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्यावर आणा, १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘गॅस गिझर चालू होता’ हेच सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतो, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त ओळखता येत नाही. साध्या हवेत तो वायू रक्तात निम्म्यावर यायला ४–५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ आहे.

तोरणमाळसारख्या थंड हवेच्या ठिकाणी किंवा मळ्यातल्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी वा गॅसचा रूम हीटर लावून झोपतात. जाळ्यांचा वरचा हिशेब तिथे पुरत नाही, कारण झोपलेल्याला लक्षणं कळतच नाहीत. झोपण्यापूर्वी खोली तापवा, शेगडी बाहेर काढा, मग दार लावा.

काही घरांत गिझर काढायला खरंच बाहेर जागा नसते. तिथे गॅस सोडून १५ अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि १५ लिटरचा विजेचा गिझर लावा. गच्ची आपली असेल तर सोलर. खानदेशात थंडीतही दिवसा ऊन कडक असतं, आणि संध्याकाळपर्यंत तापलेली टाकी सकाळपर्यंत पुरते.