एचपीचे किलोवॅट करायचे तर पाऊणकी आठवा

विहिरीवरच्या मोटरीची पाटी चिखल पुसून वाचा. पाच एचपीच्या (अश्वशक्तीच्या) मोटरीवर ३.७ किलोवॅट, साडेसातच्या मोटरीवर ५.५, तीनच्या मोटरीवर २.२ असं छापलेलं दिसेल. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत ‘पाचची’, ‘साडेसातची’ एवढंच बोललं जातं. किलोवॅट आठवतो तो सौरपंप नाहीतर जनरेटर घ्यायची वेळ आली की.

आकडा सोपा आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, जवळजवळ पाऊण किलोवॅट. लहानपणी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकली असेल तर मोबाइल काढायची गरज नाही: पाच पाऊण पावणेचार. उलट जायचं असेल तर किलोवॅटमध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा. ६ किलोवॅटचे ८ एचपी.

खरी चूक पुढे होते. पाटीवरचा आकडा मोटरीचा दांडा किती ताकद देतो ते सांगतो, मोटर वीज किती ओढते ते नाही. काही वीज उष्णतेत जाते. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३.७ ला ०.८ ने भागा: साधारण ४.६ किलोवॅट. म्हणजे पूर्ण भारावर तासाला ४.६ युनिट, आठ तासांत ३७.

ट्रॅक्टर-इंजिनांच्या कागदावर कधी ‘पीएस’ असतं. ती मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॅटची. फरक किरकोळ, पण तिची व्याख्या विहिरीवाल्याच्या फार कामाची: ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचलणं. ७५ किलो म्हणजे ७५ लिटर पाणीच की! पाण्याच्या पातळीपासून टाकीपर्यंत, पाइपातली घासणी धरून, ३० मीटर चढ आहे आणि सेकंदाला ५ लिटर पाणी हवंय. पाच गुणिले तीस दीडशे, भागिले ७५, झाले २ एचपी. पंप निम्मी ताकद वाया घालवतो असं धरा, म्हणजे ४. मोटर पाचची घ्या.

जनरेटरवर त्याच्या क्षमतेचं माप केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) मध्ये असतं. त्याला ०.८ ने गुणा, किलोवॅट मिळतील. आमच्या शेजाऱ्याने पाचच्या मोटरीला पाच केव्हीएचा जनरेटर आणला, आकडा जुळतोय म्हणून. त्यातून मिळणार ४ किलोवॅट, मोटरीला चालताना लागणार ४.६, आणि सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची आणि जनरेटर बंद पडायचा.