व्हॅलोरंटमध्ये टीमचे क्रेडिट कसे सांभाळायचे

व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच जणांच्या नेमबाजीच्या गेममध्ये हाफचा (बारा राउंडांचा) पहिला, म्हणजे पिस्तूल राउंड हरला. दुसऱ्या राउंडला दोघांनी स्पेक्टर ही मधल्या किमतीची गन घेतली, तिघांनी हात आखडता घेतला. हा राउंडही गेला. आता तिसऱ्याला तिघांकडे ४३०० क्रेडिट (खरेदीचे पैसे) आहेत आणि स्पेक्टरवाल्यांकडे किल नसतील तर २७००, म्हणजे रायफलला २०० कमी. धड सगळ्यांनी बाय (पूर्ण खरेदी) करावा असे नाही, धड सगळ्यांनी सेव्ह करावा (पैसे राखावेत) असेही नाही. रँक्डमध्ये कितीतरी सामने असेच हातचे जातात, आणि दोष मात्र नेमाला (एमला) दिला जातो.

आधी आकडे पाठ करा. हाफच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे ८००. राउंड जिंकला की ३०००. हरला तर पहिल्यांदा १९००, लागोपाठ दुसऱ्यांदा २४००, तिसऱ्यापासून पुढे २९००. मध्ये एक जरी जिंकला तरी मोजणी पुन्हा १९०० पासून. प्रत्येक किलला २००. स्पाइक (बॉम्ब) लावला की हल्ला करणाऱ्या पाचही जणांना ३००, राउंड हरला तरी. कमाल मर्यादा ९०००. व्हँडल किंवा फँटम रायफल २९००, स्पेक्टर १६००, शेरिफ पिस्तूल ८००, ऑपरेटर स्नायपर ४७००, हेवी शील्ड (चिलखत) १०००, लाइट ४००. म्हणजे रायफल आणि हेवी मिळून ३९००, ॲबिलिटी (पात्राच्या खास शक्ती) वेगळ्या.

खरेदीच्या मेनूत पुढच्या राउंडला हातात किमान किती क्रेडिट असतील तो आकडा दिसतो. बहुतेक जण बघतात हातातली रक्कम, बघायचा असतो हा आकडा. पुढचा राउंड फुल बाय (सगळ्यांना रायफल आणि हेवी) ठरला असेल तर खरेदी करताना तो ३९०० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पिस्तूल हरल्यावर १९०० हातात असतात आणि दुसरा राउंड गेला तर २४०० येणार असतात, म्हणजे १५०० शिल्लक ठेवून ४०० खर्चायला मोकळीक. पिस्तूल राउंडला स्पाइक लागला असेल तर ७००. किलचे पैसे वर. एवढ्यात एखादी ॲबिलिटी बसते, ७०० असतील तर घोस्ट पिस्तूलही. पैसा ॲबिलिटीत घातलेला जास्त चांगला, कारण न वापरलेली ॲबिलिटी मेल्यावरही पुढच्या राउंडला हातात राहते. गन मेल्यावर जाते.

फोर्स, म्हणजे पैसे अपुरे असतानाही खरेदी, करायचाच असेल तर पाचही जणांनी करावा. दोघांचा फोर्स आणि तिघांचा इको (सेव्ह) हा सर्वांत महागडा प्रकार, कारण त्यात हा राउंडही धड लढला जात नाही आणि पुढचाही बिघडतो. खरेदीला ३० सेकंद असतात. पहिल्या पाच सेकंदांत कुणीतरी एकच शब्द बोलावा: बाय, फोर्स किंवा सेव्ह. कॉल चुकीचा असला तरी चालेल, पण पाच वेगवेगळे कॉल नकोत. चुकून काही घेतले गेले तर खरेदीची वेळ संपण्याआधी विकता येते आणि पूर्ण पैसे परत मिळतात.

पिस्तूल जिंकल्यावर उलट चूक होते. दुसऱ्या राउंडला स्पेक्टर आणि हेवी घेतली, २६०० गेले, ४०० उरले. हाही राउंड जिंकला, ३४०० झाले. आता व्हँडल समोर चमकते. व्हँडल आणि लाइट घेऊन तिसरा राउंड हरलात तर १०० अधिक १९००, म्हणजे २०००. जिंकलेले दोन राउंड असून चौथ्याला खिसा रिकामा. त्याऐवजी तीच स्पेक्टर ठेवा, फुटलेली शील्ड १००० ला नवी घ्या आणि २४०० बाजूला ठेवा. हरलात तरी ४३०० हातात येतात आणि चौथ्याला सगळ्यांकडे रायफल असते. यालाच बोनस राउंड म्हणतात. समोरच्यांनी दुसरा राउंड सेव्ह केलेला असेल तर तिसऱ्याला त्यांच्याकडे रायफली असणार, त्यामुळे लांबच्या अँगलवर स्पेक्टर घेऊन उभे राहू नका. कोपऱ्यात दोघे-दोघे थांबा आणि पडलेली पहिली रायफल उचला. दुसऱ्या राउंडला मेलेल्यांनी पुन्हा स्पेक्टर आणि लाइट घेतली तरी हिशोब जुळतो: १४०० अधिक १९००, ३३००, म्हणजे व्हँडल आणि लाइट, अगदी काठावर.

आता गन वाटण्याचा भाग, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. समजा पाच जणांकडे ६२००, ५१००, ३४००, २३०० आणि १८०० आहेत. बेरीज १८८००. पाच रायफली १४५००, पाच लाइट शील्ड २०००, म्हणजे कागदावर सगळ्यांना रायफल मिळून वर २३०० उरतात. प्रत्यक्षात मिळत नाही, कारण क्रेडिट एकमेकांना देता येत नाहीत, फक्त गन देता येते. मग वाटणी अशी: ६२०० वाला स्वतःला व्हँडल आणि लाइट घेतो (३३००), उरलेल्या २९०० ची व्हँडल २३०० वाल्याला देतो. तो आपल्या पैशातून हेवी आणि ॲबिलिटी घेतो. ३४०० वाला स्वतःचे बघतो, १०० उरतात. ५१०० वाला व्हँडल आणि लाइट घेऊन १८०० वाल्याला स्पेक्टर देतो, २०० उरतात. शेवटच्याचे १८०० हेवी आणि ॲबिलिटीला मोकळे. चार रायफली, एक स्पेक्टर, सगळ्यांकडे शील्ड. स्पेक्टर शक्यतो धुराचा आडोसा करणाऱ्या स्मोकवाल्याला द्यावी, सर्वांत आधी आत शिरणाऱ्या एन्ट्रीवाल्याला नको.

ज्याला गन हवी त्याने मेनूतून रिक्वेस्ट टाकावी, ‘भाई ड्रॉप’ म्हणत माइकवर ओरडू नये. आणि देणाऱ्याने आधी आपली ॲबिलिटी घ्यावी. आधी गन वाटून मग फ्लॅशला (समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या ॲबिलिटीला) पैसे नाहीत, हे दर दुसऱ्या सामन्यात दिसते. ऑपरेटरचे गणित वेगळे करायची गरज नाही. हेवीसकट ५७०० लागतात. बाकी चौघांकडे रायफल असेल तरच घ्या, नाहीतर एकाची दिवाळी आणि चौघांचा शिमगा.

हरत आलेल्या राउंडला गन वाचवावी का? स्पाइक न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिलेल्या हल्लेखोराला, किंवा स्पाइक फुटल्यावरही जिवंत राहिलेल्या बचाववाल्याला हरण्याचे फक्त १००० मिळतात. पहिलाच पराभव असेल तर मरून १९०० मिळाले असते, म्हणजे ९०० चा तोटा. हातात व्हँडल असेल तर २९०० ची गन वाचते, सौदा फायद्याचा. शेरिफ असेल तर ९०० घालवून ८०० वाचवताय. लागोपाठ तिसऱ्या पराभवात तोटा १९०० चा, तेव्हा स्पेक्टर वाचवणेही घाट्याचे. अशा वेळी जाऊन लढा, एखादा किल मिळाला तर २०० वर.

टॅब दाबून समोरच्यांचे क्रेडिटही बघत जा. सगळे दोन हजारांच्या आसपास असतील तर ते एकत्र धावून येण्याची शक्यता जास्त, आणि शेरिफची एक गोळी डोक्यात बसली तर ३० मीटरच्या आत हेवी शील्डही उपयोगाची नाही. अंतर ठेवा, एकट्याने आडोशातून डोकावू (पीक करू) नका.

बाराव्या राउंडला मात्र हे सगळे विसरा. हाफ बदलला की क्रेडिट, गन, ॲबिलिटी सगळे जाते आणि तेराव्याला पुन्हा ८००. तेव्हा शेवटचा रुपया खर्च करा, ज्याच्याकडे कमी आहे त्याला गन द्या. चोविसाव्यालाही तेच. ओव्हरटाइममध्ये तर प्रत्येक राउंडला ५००० नव्याने मिळतात, तिथे वाचवायला काही नसतेच.